मेनिस्कस फाटलाय असा रिपोर्ट आलाय, आता पुढे काय?

गुडघ्याचा एमआरआय केला की दीड-दोन पानांचा रिपोर्ट हातात पडतो, त्यात कुठेतरी "ग्रेड ३ टिअर, पोस्टिरिअर हॉर्न, मेडिअल मेनिस्कस" अशी ओळ असते, म्हणजे गुडघ्यातल्या आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग फाटलाय, आणि तिथून पुढे घरात एकच चर्चा सुरू होते, गादी फाटली, आता ऑपरेशन. कोणी म्हणतं लगेच उरकून टाका, कोणी म्हणतं अजिबात कापाकापी नको, कोणी तेलाचा पत्ता देतं. माझं म्हणणं सरळ आहे, फाटलाय एवढ्या एका शब्दावर काहीच ठरवायचं नाही. कुठे फाटलाय, कसा फाटलाय, कोणाचा फाटलाय आणि गुडघा प्रत्यक्षात काय त्रास देतोय यावर सगळं अवलंबून असतं. काही मेनिस्कस असे असतात की ऑपरेशन न करताच माणूस छान चालायला लागतो, आणि काही असे असतात की दोन-तीन महिने वाट बघितली तर पुढे गुडघाच हातचा जातो. हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी हा मेनिस्कस आहे काय ते बघू. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल असतं आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट जागेवर टिकवायची कशी? डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात ना, तेच काम मेनिस्कस करतो, हंडा डगमगत नाही आणि सगळं वजन एका बिंदूवर टोचत नाही, कडेकडेने पसरतं. प्रत्येक गुडघ्यात असे दोन, आतल्या बाजूचा मेडिअल आणि बाहेरच्या बाजूचा लॅटरल, दोन्ही अर्धचंद्राकृती, चिवट कूर्चेचे, बाहेरच्या कडेला जाड आणि आत पातळ होत गेलेले. समोर हाताला लागते ती गुडघ्याची वाटी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही, बरेच जण इथे गोंधळतात. पाय सरळ असताना सांध्यावरच्या भारापैकी साधारण ५० टक्के भार हे मेनिस्कस उचलतात आणि गुडघा ९० अंशात वाकवला की हा आकडा ८५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणूनच सपाट रस्त्यावर चालताना फार काही जाणवत नाही आणि उकिडवं बसलं, जिना उतरला, भारतीय संडासात बसून उठलं की कळ येते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे रक्तपुरवठा. मोठ्या माणसात मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या साधारण १० ते २५ टक्के भागातच रक्तवाहिन्या असतात, आतला भाग रक्ताविना असतो, त्याला सांध्यातल्या द्रवातूनच पोषण मिळतं. डॉक्टर लोक याला रेड झोन आणि व्हाइट झोन म्हणतात. रक्त पोचतं तिथलं फाटलेलं भरून येऊ शकतं, टाके घातले तर आणखी चांगलं भरतं. आतल्या कडेचं फाटलेलं सहसा भरत नाही. पण भरलं नाही म्हणजे दुखतच राहणार असं मात्र नाही, दुखणं थांबायला फाटलेली जागा जुळलीच पाहिजे असं काही नसतं, आणि हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं.

फाटण्याच्या साधारण दोन कहाण्या असतात. पहिली तरुण गुडघ्याची. कबड्डीत रेड टाकताना पाय मॅटवर रुतलेला असतो, कोणीतरी घोट्याला धरतं आणि अंग दुसरीकडे वळतं, किंवा फुटबॉलमध्ये, बॅडमिंटनमध्ये एकदम दिशा बदलताना आतून काहीतरी सटकल्यासारखं होतं, काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत सूज येते. यात बऱ्याचदा एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा दोर, पण सोबत तुटतं, विशेषतः सूज दोन-तीन तासांतच टम्म आली असेल तर. दुसरी कहाणी चाळिशी-पन्नाशीनंतरची. इथे मार-बिर काही लागलेला नसतो, वर्षानुवर्षं वापरून मेनिस्कस आतून जीर्ण झालेला असतो, मग खाली वाकून डबा उचलला, रिक्षातून उतरताना पाय वळला, एवढंसं निमित्त पुरतं. याला डिजनरेटिव्ह टिअर, म्हणजे झिजून पडलेली चीर, म्हणतात. दोन्हीला रिपोर्टमध्ये टिअरच लिहितात पण उपचाराचा विचार दोन टोकांचा असतो.

रिपोर्ट वाचताना एक बघा. ग्रेड १ आणि ग्रेड २ म्हणजे मेनिस्कसच्या आत थोडा बदल दिसतोय, पण तो पृष्ठभागापर्यंत आलेला नाही, म्हणजे फाटलेलं नाहीच. ग्रेड ३ म्हणजे पृष्ठभागापर्यंत पोचलेली चीर, ती खरी टिअर. अनेक जण ग्रेड २ वाचूनच घाबरून बसतात. आणि खरी टिअर असली तरी तीच दुखण्याचं कारण आहे असं धरून चालायचं नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे, म्हणजे गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्यांचे नाही तर सहज निवडलेल्या लोकांचे, एमआरआय काढले होते, तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला. ज्यांच्या गुडघ्यात टिअर दिसली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याला दुखणं, आखडणं असलं काही नव्हतंच. म्हणजे पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये चीर दिसणं हे बऱ्याच अंशी केस पांढरे होण्याच्याच रांगेतलं आहे. म्हणून चांगला ऑर्थोपेडिक आधी हाताने तपासतो, सांध्याच्या रेषेवर बोट दाबून बघतो, गुडघा वाकवून फिरवून बघतो, उभं राहून काढलेला एक्स-रे मागतो, आणि मग एमआरआयकडे वळतो. उभं राहूनच एक्स-रे का, तर झोपून काढला तर सांध्यातली फट किती कमी झालीय ते लपून जातं.

आता ऑपरेशनचं. डिजनरेटिव्ह टिअरला दुर्बिणीने आत जाऊन फाटलेला तुकडा छाटायचा, ही कित्येक वर्षं जगभर सर्रास होणारी सर्जरी. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी ती खरंच उपयोगी पडते का ते तपासायला एक धाडसी अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वयाचे १४६ पेशंट, टिअर होती पण सांध्याची झीज नव्हती. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली आणि मग निम्म्यांचा मेनिस्कस छाटला, निम्म्यांचा नाही. ज्यांचा छाटला नाही त्यांच्या बाबतीत सर्जनने हत्यारं मागून घेतली, गुडघा तसाच हलवला, पातं काढलेलं मशीन बाहेरून वाटीवर दाबून धरलं, सक्शनचा आवाज चालू ठेवला आणि पेशंटला तेवढाच वेळ थिएटरमध्ये ठेवलं, म्हणजे कोणालाच कळू नये की आपलं काय झालं. वर्षभराने दोन्ही गटांत दुखणं सारखंच कमी झालेलं. त्याच वर्षी अमेरिकेतला ३५१ लोकांचा अभ्यास आला, एका गटाला ऑपरेशन आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला नुसती फिजिओथेरपी, सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास बरोबरीत. यात एक प्रामाणिक गोष्ट सांगितलीच पाहिजे, फिजिओवाल्या गटातल्या साधारण ३० टक्के लोकांनी भागत नाही म्हणून सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घेतलं, आणि तेही शेवटी इतरांइतकेच बरे झाले. म्हणजे आधी व्यायाम करून बघितला म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. यानंतर २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीची सर्जरी करू नये अशी स्पष्ट शिफारस केली. तर पंचेचाळिशीच्या पुढचं वय, हळूहळू सुरू झालेलं दुखणं, गुडघा लॉक होत नाही म्हणजे अडकून बसत नाही, असं असेल आणि पहिल्याच भेटीत कोणी तारीख देत असेल तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि तीन महिने मनापासून व्यायाम करा.

पण हे वाचून कोणी सगळ्याच टिअरला थांबून राहू नका, कारण आता दुसरी बाजू. गुडघा लॉक झाला असेल, म्हणजे तो सरळच होत नसेल, तर ही घाईची गोष्ट आहे. घरी बघायचं असेल तर कडक गादीवर किंवा जमिनीवर उताणं झोपा, दोन्ही पाय सैल सोडा आणि कोणाला तरी गुडघ्यांच्या मागे हात घालून बघायला सांगा, दुखऱ्या बाजूला मोठी फट राहतेय आणि दाबून बघितलं तर आतून काहीतरी अडल्यासारखं थांबतंय का. कधीकधी नुसत्या सुजेने आणि दुखण्यानेही पाय सरळ होत नाही, तो फरक डॉक्टर सांगतील, पण मेनिस्कसचा मोठा पट्टा फाटून सांध्याच्या मधोमध येऊन अडकलेला असेल, ज्याला बकेट हँडल टिअर म्हणतात, तर तो वेळेत जागेवर बसवून शिवता येतो. महिनोन्‌महिने तसाच चेंगरत राहिला तर शिवण्याच्या लायकीचा राहत नाही. अशा गुडघ्याला हाडवैद्याकडे नेऊन ओढाताण करून घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय.

दुसरी न थांबण्यासारखी म्हणजे रूट टिअर. मेनिस्कसची दोन्ही टोकं हाडात घट्ट रुजलेली असतात, त्या मुळापाशीच तो सुटला की चुंबळीचा पीळच सुटल्यासारखं होतं, वजन पडलं की ती पसरून बाहेर सरकते आणि असून नसल्यासारखी होते. रिपोर्टमध्ये "रूट टिअर" किंवा "एक्स्ट्रुजन" (म्हणजे हेच बाहेर सरकणं) हे शब्द दिसले, आणि एक्स्ट्रुजन ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे हे जास्त करून पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये दिसतं, खाली बसून उठताना किंवा जिन्यावर गुडघ्याच्या मागच्या बाजूला कट्‌ असा आवाज येतो, एकदम कळ जाते आणि त्यानंतर चालणंच बदलतं. माझ्या आत्याला अगदी असंच झालं, देवघरासमोरून उठताना. घरातले सगळे म्हणत राहिले की वयाप्रमाणे वंगण कमी झालं असेल, ती पण पेनकिलर घेऊन काम रेटत राहिली, एमआरआय होईपर्यंत आतल्या बाजूची कूर्चा बरीच झिजली होती आणि शिवायची वेळ निघून गेली होती. सांधा अजून चांगला असेल, वजन फार नसेल, पाय फार बाकदार झालेला नसेल तर रूट पुन्हा हाडाला बांधता येतं, पण ते सुरुवातीलाच. म्हणून वयस्कर गुडघ्यातसुद्धा "तो एक कट्‌ आवाज आला आणि तेव्हापासून" अशी गोष्ट असेल तर ती डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

आणि तरुण मुलांच्या बाहेरच्या कडेच्या, रक्तपुरवठा असलेल्या भागातल्या उभ्या चिरा, खास करून एसीएलसोबतच्या, यात शिवण्याचा विचार आधी व्हायला हवा. याला कारण आहे. १८८३ मध्ये एडिंबराच्या थॉमस अॅनंडेल या सर्जननी मेनिस्कस शिवून दाखवला होता, पण त्यानंतर कित्येक दशकं तो निरुपयोगी अवयव समजून अख्खाच्या अख्खा काढून टाकायचे. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या सर्जननी मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे दाखवले, सांध्यातली फट कमी झालेली, हाड चपटं होत चाललेलं, तेव्हा कुठे लोकांना कळायला लागलं की हा भाग गेला की सांधा लवकर झिजतो. आज म्हणूनच जेवढा वाचेल तेवढा वाचवा असं धोरण आहे. सर्जनला थेट विचारा, छाटणार की शिवणार, आणि आत गेल्यावर शिवता येण्यासारखं दिसलं तर शिवायची तयारी आणि सामान आहे का. हा प्रश्न विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

आता व्यायाम, कारण ऑपरेशन होवो न होवो, बरं होण्याचा रस्ता इथूनच जातो. पहिले काही दिवस सूज उतरवायची, कपड्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, क्रेप बँडेज, पाय उशीवर, गरज लागली तर काठी, आणि काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पेनकिलर डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस, बीपी, किडनी, अॅसिडिटीवाल्यांनी तर मेडिकलमधून स्वतः आणून खाऊच नये. गुडघा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा निरोपच कमी होतो, तो स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेल इतका बारीक होतो, आणि मग गुडघा "दगा देतोय" असं वाटतं. म्हणून पहिला व्यायाम या स्नायूचा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आता गुडघ्याच्या मागच्या बाजूने टॉवेल खाली दाबा, मांडीवर हात ठेवून बघा, वाटी थोडी मांडीकडे सरकते आणि तिच्या वर आतल्या बाजूचा स्नायू टणक लागतो. तो टणक लागत नसेल तर नुसता पाय दाबला जातोय, स्नायू काम करत नाहीये, तेव्हा दुसऱ्या पायावर करून बघा म्हणजे फरक कळेल. पाच ते दहा सेकंद धरायचं, सोडायचं, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला पाय सरळ ठेवून वर उचलणं, टाच घसरवत गुडघा वाकवणं, कंबर उचलणारं ब्रिजिंग. मग दोन-तीन आठवड्यांत खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, पायरी चढणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, सीट उंच ठेवून स्टेशनरी सायकल. लोक पहिल्या पायरीवरच थांबतात, महिनाभर नुसता टॉवेल दाबत बसतात आणि म्हणतात फिजिओने काही झालं नाही. जोर वाढवत नेलाच पाहिजे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दहापैकी तीन-चारपर्यंत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज जास्त दिसली तर तेवढा भार झेपला नाही, एक पायरी मागे या, बंद करू नका.

घरातल्या बदलांचं थोडक्यात. काही महिने मांडी घालून, उकिडवं, वज्रासनात बसणं बंद. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते ती आणा, पूजा स्टुलावर बसून करा, देवाला चालतं. शेतात खुरपायला बसून सरकण्यापेक्षा लांब दांड्याचं अवजार वापरा, जमेल तेवढं. वजन कमी करण्याचा उपदेश सगळेच करतात पण त्यामागचा हिशोब कळला की पटतो, १ किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. इंजेक्शनांबद्दल माझं मत, स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडू शकतो पण वारंवार घ्यायची गोष्ट नाही, आणि पीआरपीने, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनने, फाटलेला मेनिस्कस जुळतो याचा ठोस पुरावा नाही, तेव्हा हजारो रुपये मोजण्याआधी ते पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टला द्या.

ऑपरेशन झालंच तर छाटणं आणि शिवणं यांची रिकव्हरी पूर्ण वेगळी असते. छाटलं तर बहुतेक त्याच दिवशी घरी, त्याच दिवशी पायावर भार, बैठं काम एक-दोन आठवड्यांत, खेळ साधारण चार ते आठ आठवड्यांनी. शिवलं तर ब्रेस म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, बऱ्याचदा चार-सहा आठवडे ९० अंशांच्या पुढे वाकवायचं नाही, पूर्ण खोल बसणं चार ते सहा महिने बंद, खेळही तेवढ्याच काळाने, आणि रूट रिपेअर असेल तर सुरुवातीचे साधारण सहा आठवडे त्या पायावर वजनच टाकायचं नाही. शेजारच्याचं ऑपरेशन झालं, तो दहाव्या दिवशी ऑफिसला गेला, मग मी का घरी, असं मनात आणू नका, त्याचं छाटलेलं असेल आणि तुमचं शिवलेलं. शिवलेले सगळेच टिकतात असंही नाही, पाच वर्षांच्या पुढे बघितलं तर चार-पाचातला एक पुन्हा त्रास देतो, तरीही तरुण गुडघ्यासाठी तो सौदा घेण्यासारखा आहे. ऑपरेशननंतर पोटरी एकाच पायाची सुजली, दाबल्यावर दुखली, दम लागला, किंवा ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, तर फोनवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, पहिल्यात रक्ताची गुठळी असू शकते आणि दुसऱ्यात इन्फेक्शन.

खेळायला परत कधी, वारीला चालू शकेन का, असं विचारणाऱ्यांनी कॅलेंडर बघण्यापेक्षा पाय बघावा. गुडघा पूर्ण सरळ होतोय, सूज नाही, दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजल्यावर जवळपास सारखा येतोय, दुखऱ्या पायावर एकट्याने पायरीवरून सावकाश उतरता येतंय आणि गुडघा आत कलत नाही, एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के जातेय, एवढं झालं की फिजिओला दाखवून खेळ सुरू करा. चालणाऱ्यांना उडीची गरज नाही, त्यांनी आषाढीच्या तीन-चार महिने आधीपासून रोजचं अंतर थोडं थोडं वाढवावं, आधी सपाट रस्ता, मग चढ, उतार सगळ्यात शेवटी, आणि सलग दोन दिवस लांबचं चाललं की तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा चाचपून बघावा, सूज नसेल तरच पुढचा टप्पा वाढवावा.